पुढच्या बाकावर बाबा

५ मे

आजपासून मी बाई झाले. कालपर्यंत शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या निकालाची वाट बघत बसलेली मुलगी, आणि आज सकाळी प्रशिक्षण केंद्रात माझ्यासमोर वर्गभर शिक्षक वह्या उघडून बसलेले. निम्मे तर माझ्या आईच्या वयाचे. सुट्टीत शाळांच्या शिक्षकांना शेती शिकवायची, म्हणजे शाळा उघडल्या की ते मुलांना शाळेच्या बागेत शिकवतील, अशी ही माझी उन्हाळ्याची इंटर्नशिप. केंद्राच्या प्रमुखांना सगळे मोठ्या मॅडम म्हणतात. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "शिक्षकांना शिकवणं म्हणजे आचाऱ्याला जेवायला घालणं. प्रत्येक घासाला शेरा ऐकायची तयारी ठेव."

पुढच्या बाकावर, अगदी फळ्याला नाक लावून, कोण बसलेलं? माझे बाबा!

ते येणार हे माहीत होतं. गेल्या वर्षी शाळेनं त्यांचा गणिताचा वर्ग काढून घेतला. पालकांच्या तक्रारी होत्या, सर पेपर नीट तपासत नाहीत, बरोबर उत्तराला शून्य देतात. मुख्याध्यापक म्हणाले, शाळेची बाग सुरू करतोय, हे प्रशिक्षण करा, केंद्राचा चांगला शेरा आणा, बाग तुमची. नाही तर घरी बसा. घरी बसलेले बाबा मला डोळ्यासमोर आणवत नाहीत. भिंतींना पाढे शिकवतील.

पण घराजवळही एक केंद्र होतं. ते सोडून हट्टानं इथे, माझ्याच वर्गात यायची काय गरज? आणि आलात ते आलात, मागे बसा की. मी ‘सुप्रभात’ म्हणाले तर सगळ्यांत मोठ्या आवाजात ‘सुप्रभात, बाई!’ म्हणाले. वर्ग हसला. माझे कान लाल झाले.

७ मे

बरणीत माती आणि पाणी घालून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू तळाला, गाळ मधे, चिकणमाती वर, असे थर बसतात. सगळे शिक्षक लहान मुलांसारखे वाकून बघत होते. बाबा मात्र बरणीत बोट घालायला निघाले. "सर, थर मोडतील," म्हटलं. "बरं, बाई," म्हणाले.

नंतर हात वर करून म्हणतात, "बाई, फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचत जा. मागच्यांना दिसत नाही." मागच्यांची एवढी काळजी! मी म्हटलं, "सर, मागच्यांचं मागचे बघतील." परत हशा. खरं सांगायचं तर मला जरा बरं वाटलं. बापाला वर्गात गप्प करता येतं हा शोध काही वाईट नाही.

८ मे

पेरणी. प्रत्येकाला एक वाफा. बाबांना घेवडाच हवा होता. "मोठं बी, हाताला लागतं," म्हणे. मी त्यांना गाजर दिलं. गाजराचं बी चिमटीत धरायलाही जड जातं, कबूल. पण बापाला सोपं दिलं असं कुणी म्हणायला नको. त्यांनी सगळं बी वाफ्याच्या एकाच टोकाला सांडलं. मग बोटांनी चाचपत पसरवत बसले. शेजारच्या वाफ्यावर व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई आहेत, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. त्या यांना मदत करायला आल्या. मी त्यांना परत पाठवलं. "आपापला वाफा आपण."

११ मे

आज हसून हसून पोट दुखलं. सकाळी वाफ्यांवर गेले तर सगळीकडे उकराउकर! या लोकांनी पेरलेलं बी उगवलं का बघायला रोज उकरून बाहेर काढलंय. भूगोलाच्या एका सरांनी तर बी काढून, पुसून, बघून, परत पुरलं. मी म्हटलं, "अहो सर, हा गृहपाठ नाही, रोज तपासायला!" तर गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, "बाई, न तपासता मुलांवर विश्वास ठेवला की काय होतं ते आम्हाला विचारा."

शिक्षकाशिवाय ही चूक दुसरं कुणी करणार नाही.

बाबांचा वाफा तेवढा शाबूत होता. मी कौतुक करणार, तेवढ्यात ते वाफ्यालगतच्या पाण्याच्या बादलीला धडकले आणि भूगोलाच्या सरांचा पायजमा भिजला. कौतुक राहिलं.

१२ मे

आईचा फोन. रोज तेच. "जेवतात का? औषध घालतात का डोळ्यांत?" धुळीसाठीचं औषध आहे म्हणे. "आणि संध्याकाळी एकटं सोडू नकोस ग त्यांना, नवी जागा आहे." म्हटलं, आई, ते शिक्षक आहेत, पहिलीतलं पोर नाही. मला स्वतःच्या पाठांची तयारी आहे, रोज संध्याकाळी बापाला फिरवत बसू का?

आई म्हणाली, "फिरव की. काय जातं?"

१९ मे

आज मोठ्या मॅडमनी बोलावून घेतलं. डोंगरापलीकडे यांचं दुसरं केंद्र आहे, तिथे कायमची जागा निघतेय. जूनच्या मध्यावर रुजू व्हायचं. मला विचारलं! मी हो म्हणून आले.

बाबांना सांगितलं तर ते माझ्याहून खूश. जेवणघरात प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगत होते, "आमच्या बाईंना नोकरी लागली." एका टेबलाशी तर दोनदा सांगितलं. तिथले लोक हसायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२५ मे

खुरपणी. गाजराची रोपं आता करंगळीएवढी झालीत, आणि त्यांच्यासारख्याच पानांचं एक तण त्यात उगवतं. फरक कालच शिकवला होता, दोन्ही रोपं हातात धरून. बाबा वाकून, पान अगदी नाकाशी नेऊन, तासभर खुरपत होते. मला वाटलं, चला, मन लागलं. जवळ जाऊन बघते तर वाफ्यात एक गाजर शिल्लक नाही. तण मात्र ओळीत, ऐटीत उभं.

अंगाचा तिळपापड झाला माझा. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "सर, काल मी काय भिंतीशी बोलत होते?"

ते हातातली गाजराची रोपं चुरगाळत म्हणाले, "चुकलं, बाई."

शिट्टीबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू चूक माझीच आहे. यांना काय जातंय! शेरा मला द्यायचाय. आणि तो शेरा चांगला गेला नाही तर बाबांची शाळा गेली, हे यांच्यापैकी कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे. म्हणून तर ओरडते.

३० मे

आजचं आजच लिहून टाकते.

आज नमुना पाठ होते. केंद्रात राहणाऱ्या लोकांची मुलं बोलावली होती. बाबांचा विषय, माती भुसभुशीत करणे. खुरपं घ्या म्हणून सांगितलं होतं. यांनी कुदळ घेतली. बोलायला लागले तेव्हा मात्र मी सगळं विसरले. मुलांना हसवलं, माती हुंगायला लावली, मातीचं गणित केलं. माझ्या मनात आलं, मिळवली यांनी बाग.

एक पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी गांडूळ बघायला त्यांच्या डाव्या बाजूला अगदी पायाशी येऊन वाकली. आणि बाबांनी कुदळ उचलली.

शिट्टीबाईंनी झेप घेऊन तिला ओढलं. मुलगी आपटली, कोपर खरचटलं. तिचा पाय होता तिथे कुदळ रुतली.

मी किंचाळले. "दिसत नाही का तुम्हाला? शेजारी मूल आहे आणि तुम्ही कुदळ चालवताय? स्वतःच्या भाषणापुढे काही सुचतं का नाही?" आणखी बरंच बोलले. लिहवत नाही. बाबा ‘बाई’ म्हणाले नाहीत. नुसते विचारत राहिले, "कोण होतं? लागलं का? कुणाला लागलं?" आणि मुलगी त्यांच्यापुढेच रडत होती.

दुपारीच शेरा लिहून मोठ्या मॅडमना दिला. ‘मुलांबरोबर बागेत काम करण्यास योग्य नाहीत.’ आपलेच दात आपलेच ओठ म्हणून गप्प बसायची ही वेळ नव्हती. दुसरं कुणी असतं तरी मी हेच लिहिलं असतं.

लिहिलं असतंच.

३१ मे

दिवसभर बाबा खोलीबाहेर आले नाहीत. रुसले असतील म्हणून संध्याकाळी मीच गेले. उरलेलं भांडण पोटात होतं. दार उघडंच होतं. ते खाटेवर बसले होते, तोंड दाराकडे. मी उंबऱ्यात उभी राहिले. ऊन कललं होतं, पण खिडकीतून चांगला उजेड येत होता. भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे मला दारातून वाचता येत होते.

माझ्याकडे बघत ते म्हणाले, "कोण आहे?"

मला वाटलं, टोमणा. ओळख विसरलो तुझी, असा. मी बोलले नाही.

"शिट्टीबाई का? या ना. त्या मुलीला खरंच फार लागलं नाही ना? मला खरं सांगा." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि आमच्या बाईंना सांगू नका हं काही. थोडेच दिवस राहिलेत."

मी म्हटलं, "बाबा."

ते एकदम उठले. खाटेच्या कडेला गुडघा आपटला. "अगं, तू? दिवा लावायचा राहिला, म्हणून..."

"बाबा, उजेड आहे."

ते परत बसले, चाचपून.

काचबिंदू आहे. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तेही धुकट. गेलेलं परत येत नाही, औषधानं उरलेलं जरा टिकतं, एवढंच. पेपर, गाजर, बादली, कुदळ, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, हजेरी घेतल्यासारखं. मला म्हणाले, "रडू नकोस. रडताना तुझं नाक लाल होतं." आणि मग, "होत असेल अजून."

मी विचारलं, घराजवळ केंद्र होतं, माझ्याकडे कशाला आलात? मी तर तुम्हाला छळलंच नुसतं.

"तुला शिकवताना बघायचं होतं," म्हणाले. "जरा घाई होती."

पुढच्या बाकावरून तरी माझा चेहरा दिसत होता का, हे मी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही.

१ जून

आईला फोन केला आणि तिच्यावर ओरडले. तुला माहीत होतं! तू मला सांगितलं नाहीस!

ती म्हणाली, "शपथ घातली होती त्यांनी. पोरगी पायावर उभी राहीपर्यंत तोंड उघडायचं नाही, नाही तर सगळं सोडून घरी येईल म्हणे." मग तिचाच बांध फुटला. "आणि सांगत नव्हते का ग मी? रोज सांगत होते. संध्याकाळी एकटं सोडू नकोस म्हणून रोज तुझ्या मागे लागत होते. आणखी कसं सांगू?"

खरं आहे. रोज सांगत होती. मी तिला हसत होते.

२ जून

मोठ्या मॅडमकडे गेले. शेरा परत मागितला. कारण सांगितलं. त्या चष्मा काढून बसल्या. मग ड्रॉवरमधून तो कागद काढून माझ्यापुढे ठेवला. अजून शाळेत गेलाच नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

"घे," म्हणाल्या. "फाडून टाक. दुसरा लिही, मी सही करते. माझेही वडील होते. फक्त एक सांग. यात खोटं काय लिहिलंयस?"

मी म्हटलं, त्यांना धोका कळलाय आता, ते जपतील, कुदळ हातात घेणार नाहीत.

"तीस मुलं असतात बागेत," म्हणाल्या. "तू असणार आहेस का शेजारी?"

मी कागद उचलला. दोन्ही हातांत धरला. फाडायला कितीसा वेळ लागतो? मला ती पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी दिसत होती, आणि तिच्यामागे बाबांच्या शाळेतली सगळी मुलं, वाकलेली, गांडूळ बघायला. मला बाबाही दिसत होते. भिंतींना पाढे शिकवणारे. बाबांसाठी मी काय वाटेल ते केलं असतं. मुलांच्या पायांवर कुदळ पडू द्यायची, एवढंच मला जमत नव्हतं.

कागद टेबलावर परत ठेवला. बाहेर येऊन पंपाच्या खोलीमागे बसले आणि ओरडून ओरडून रडले. पंप चालू होता, कुणाला ऐकू गेलं नसेल.

आज मी माझ्या बापाची शाळा बंद केली.

३ जून

बाबांना मीच सांगितलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

मला वाटलं होतं ते समजून घेतील. पाठीवर हात ठेवतील. तसं झालं नाही. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "कागद तुझ्या हातात होता?"

"हो."

"हातात होता आणि परत दिलास?"

"हो, बाबा."

"एवढी काय घाई होती तुला?" ते ओरडले. बाबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत. "दोन वर्षं मिळाली असती मला! दोन वर्षं! तेवढं दिसलं असतं मला! मी सांभाळली असती पोरं, तीस वर्षं काय केलं मी?"

शेवटी ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी दार लावून घेत होते तेव्हा म्हणाले, "त्या पोरीचं कोपर बरं झालं का?"

झालं, म्हटलं.

"मग जा," म्हणाले.

५ जून

बाबा परत गेले. आई न्यायला आली होती. शिट्टीबाईंनी त्यांना फाटकापर्यंत नेलं. बोलता बोलता कोपराला धरून, कुणाला कळणारही नाही असं. शिट्टीबाईंना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. माझ्याच बापाचं मला कळलं नाही.

मी तासाला उभी होते. विषय विरळणी, म्हणजे दाट उगवलेली चांगली रोपंसुद्धा उपटायची, बाकीच्यांना जागा व्हावी म्हणून. भूगोलाचे सर उपटायला तयार होईनात. "यांचा गुन्हा काय, बाई?" तास लवकर सोडला.

११ जून

काल घरी आले. इंटर्नशिप संपली, मोठ्या मॅडमनी चांगलं लिहून दिलं.

बाग चित्रकलेच्या सरांना मिळाली. शाळा उघडली आज. शाळेच्या वेळेला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून बाहेरच्या खोलीत बसले. कुठेच जायचं नव्हतं. आईनं चहा दिला. तो निवून गेला. माझ्याशी कामापुरतं बोलतात. पाणी दे. पंखा कमी कर. राग असता तर बरं होतं. हे म्हणजे पाहुण्याशी बोलल्यासारखं आहे.

मी ठरवलं आहे. डोंगरापलीकडे जायचं नाही. इथेच काहीतरी बघेन. त्यांना वाचून दाखवीन, फिरायला नेईन. एवढं तरी.

१३ जून

बाबांना सांगितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं, अंदाजानं, जरा चुकून, माझ्या खांद्याकडे.

"मला नापास करून वर माझ्यासाठी घरी बसणार?" म्हणाले. "दोन्ही कसं चालेल? एकच काय ते कर."

"बाबा, तुम्हाला कोण बघणार?"

"तुझी आई बघते. दोन वर्षं बघतेय, तुला पत्ता तरी लागला का?" मग बराच वेळ ते बोटांनी खुर्चीचा हात घासत राहिले. "तू लिहिलंस ते बरोबर होतं. मला अजून राग आहे. राग राहील. पण बरोबर होतं. मास्तर आहे मी, बरोबर उत्तराला शून्य देणार नाही. दिलीत तेवढी पुरे झाली."

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मग तोच हात खाली आणून माझं कपाळ, भुवया, नाक, हनुवटी, सगळं चाचपलं, सावकाश.

"भरा बॅग," म्हणाले. मला. ‘भर’ नाही, ‘भरा’. वर्गातल्यासारखं.

१५ जून

बसमध्ये लिहितेय. गाडी हलतेय.

सकाळी दोघं स्टँडवर सोडायला आले. बाबांनी हट्टानं माझी पिशवी घेतली. चढताना मला म्हणाले, "पहिल्याच दिवशी वर्गावर ओरडू नकोस." मी म्हटलं, "नाही, सर." ते हसले. इतक्या दिवसांनी.

मी खिडकीत बसले. आमच्या बसला लागून दुसरी एक बस उभी होती. बाबांनी मान ताठ केली, जरा शोधलं, आणि हात वर करून हलवायला लागले. दुसऱ्या बसला. तिच्या मधल्या खिडकीकडे बघून, तोंडभर हसत.

आईच्या लक्षात आलं. तिनं त्यांना वळवायला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून नको म्हटलं. तिनं हात तसाच राहू दिला.

मी माझ्या खिडकीतून हात करत राहिले. बाबा त्या बसला हात करत राहिले. आमची गाडी सुटली, वळली, तरी ते थांबले नाहीत. त्या बसच्या मधल्या खिडकीत एक अनोळखी बाई बसली होती. तिनं एकदा मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. मग तिनं हात वर केला आणि बाबांना परत हात केला, चांगला मोठा, वाकून.

कोण होती कुणास ठाऊक. तिचं भलं होवो.